मावशी, इंजिन बंद नाही पडलं

मे महिन्यात नागपुरात लग्न ठेवणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. लग्न झकास झालं, पण परतीचं मुंबईचं विमान भर दुपारी तीनचं, बाहेर ४४ डिग्री, आणि खिडकीत मावशी, जिचा हा आयुष्यातला दुसराच विमानप्रवास (पहिला, येतानाचा). टेकऑफ झाला, नाक वर, मावशीने डोळे गच्च मिटून माझं मनगट धरलेलं, आणि जरा वर गेल्यावर इंजिनाचा आवाज एकदम उतरला, पोटात गोळा आला. मावशी डोळे न उघडता म्हणते, "अगं, बंद पडलं का गं ते?"

बंद नव्हतं पडलं. टेकऑफचा जोर फार वेळ ठेवतच नाहीत, जमिनीपासून हजार-दीड हजार फुटांवर गेलं की इंजिनं चढायच्या सेटिंगवर आणतात, मग नाक थोडं खाली घेऊन स्पीड वाढवतात, फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) आत घेतात. कान आणि पोट दोघं मिळून सांगतात पडलो, आणि विमान बिचारं तेव्हाही चढतच असतं.

आता हे तोंडी सांगून मावशीला पटणार होय? मग फोन दिला तिच्या हातात. एअरप्लेन मोडवर असला तरी जीपीएस चालतं, खिडकीला टेकवून धरावं लागतं एवढंच. उंचीचा आकडा जरा उड्या मारतो पण कळायचं ते कळतं. नागपूरचा रनवेच मुळात हजार फुटांच्या वर, तिथून आकडा पळत होता आणि मी मनगटावरचं घड्याळ बघत होते (म्हणजे मावशीच्या पंज्यातून जेवढं दिसत होतं तेवढं). ५४०० आलं तेव्हा मी म्हटलं, मावशी, कळसूबाई झाली. तिने पहिल्यांदा डोळे उघडले, कारण कॉलेजात असताना ती तिथे लोखंडी शिड्या धरत, अर्धा दिवस घालवून चढली होती आणि ती कथा आम्ही सगळ्यांनी किमान वीसदा ऐकलीय. इथे रनवे सोडून अडीच मिनिटंही झाली नव्हती.

साधारण प्रवासी जेट सुरुवातीला मिनिटाला दोन ते तीन हजार फूट चढतं. अडीच हजार धरा, तर ताशी ४५ किलोमीटर होतात. म्हणजे मोकळ्या रस्त्यावर रिक्षा पळते त्या वेगाने आपण सरळ वर जात असतो! आडवा वेग मात्र तोवर साडेचारशेच्या घरात, त्यामुळे दहा फूट पुढे गेलं की जेमतेम एक फूट वर. सीटवर बसून आपल्याला वाटतं भिंतच चढतोय.

पण हे कागदावरचं. गरम हवा विरळ, पंखांना धरायला कमी आणि इंजिनांना ओढायलाही कमी. त्या दुपारी आम्हाला मिनिटाला एकोणीसशेच्या आसपासच मिळत होते, डिसेंबरात सकाळी सहाला याच रनवेवरून मी सव्वीसशे बघितलेत. अर्थात तुलना तितकीशी न्याय्य नाही, तेव्हा विमान अर्धं रिकामं होतं, आणि थंडीत तर पायलट बऱ्याचदा पूर्ण जोर लावतही नाहीत, गरजेपुरताच लावतात म्हणजे इंजिनं जास्त टिकतात. शिवाय कधी खालून कंट्रोलवाले सांगतात थांबा सात हजारांवर, वर दुसरं विमान आहे, की बसा तिथेच.

यातली मला सगळ्यात आवडणारी गंमत म्हणजे चार इंजिनांचं विमान दोनवाल्यापेक्षा हळू चढतं. नियमच असा की टेकऑफला एक इंजिन गेलं तरी चढता आलं पाहिजे. दोनातलं एक गेलं तर अर्धा जोर गेला, म्हणून दोनवाल्याला आधीच भरपूर जास्तीचा जोर देऊन ठेवावा लागतो, चारातलं एक गेलं तर पाव भागच जातो. म्हणून एअरबस ए३४०-३०० बद्दल पायलट लोक चेष्टेने म्हणायचे की ते चढत नाही, पृथ्वी गोल आहे म्हणून जमीनच खाली जाते. मी मावशीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आपल्याला किती आहेत?" दोन म्हटल्यावर मनगट सुटलं.

दहा हजारांच्या वर पुन्हा नाक खाली येतं, स्पीड वाढतो, चढणं मंदावतं. आणि शेवटचे काही हजार फूट म्हणजे महिनाअखेरचा पगार, मिनिटाला पाच-सहाशे, कारण वर हवाच उरत नाही. मावशी तोवर एकदम एक्स्पर्ट, "आता रेंगाळलंय बघ हे."

मग कॅप्टनने सांगितलं की आपण ३४ हजार फुटांवर आहोत. फोनवर जवळपास ३६ हजार! मावशीने माझ्याकडे असं बघितलं जसं काही मीच गडबड केलीय. विमान उंची मोजतं हवेच्या दाबावरून, ठरलेल्या थंड-गरमाचा हिशेब धरून, आणि आपल्याकडची हवा त्या हिशेबापेक्षा गरम, म्हणून फुगलेली, त्यामुळे खरी उंची जास्त भरते. सगळी विमानं तोच हिशेब धरतात म्हणून घोळ होत नाही.

"मग मी घरी कुठला सांगू?"

म्हटलं, दोन्ही बरोबरच आहेत.

"३६ सांगते," मावशी म्हणाली आणि फोन परत खिडकीला लावला, अजून वाढतोय का बघायला.