बिया आणणार नाही, पण टोमॅटो कसा लावायचा ते सांगते

मुंबईचं तिकीट काढलं की मुलुंडच्या मावशीचा मेसेज ठरलेला, "येताना तुझ्या त्या काळ्या टोमॅटोच्या बिया आण गं." मावशी, नाही आणणार! बाहेरचं बियाणं भारतात न्यायचं तर आधी परमिट काढा, वर इथलं, म्हणजे अमेरिकेतलं, फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (बियाण्यात कीड-रोग नाही असा सरकारी दाखला) घ्या, २००३ पासून तसा नियमच आहे, आणि चॉकलेटच्या पुड्यात लपवून आणण्याइतकी मी अजून वेडी झालेली नाही.

तो काळा म्हणजे चेरोकी पर्पल. १९९० मध्ये टेनेसीतल्या एकाने क्रेग लेहूलियर या टोमॅटोवेड्या माणसाला बिया पोस्टाने पाठवल्या, नाव क्रेगने ठेवलं. विटकरी-जांभळा, देठापाशी हिरवट, आणि साल इतकी नाजूक की दुकानापर्यंत धड पोचतच नाही, म्हणून घरी लावायचा. मॉर्गेज लिफ्टर नावाची पण एक जात आहे, १९४० च्या दशकात रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या चार्लीने एकेक रोप डॉलरला विकून घराचं सहा हजारांचं कर्ज फेडलं म्हणे.

इकडे न्यू जर्सीत मे उजाडेपर्यंत दव गोठायची भीती, त्यामुळे मार्चअखेर घरातच ट्यूबलाइटखाली बी पेरायचं, खाली गरम मॅट, मग बाहेरच्या हवेची सवय व्हावी म्हणून आठ-दहा दिवस ट्रे सकाळी बाहेर संध्याकाळी आत, नवरा वैतागतो. तुम्हाला यातलं काहीच करायचं नाहीये! पाऊस ओसरला की सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात पेरा, मुंबईची हवा तेव्हा आपोआपच गरम असते. रात्री २४-२५ डिग्रीच्या वर गेल्या की फुलं गळतात, म्हणून फळधारणा डिसेंबर-जानेवारीत यायला हवी. एप्रिलमध्ये लावून "फुलं येतात पण टोमॅटोच नाही" असं मला विचारू नका.

गॅलरीत पाच-सहा तास ऊन हवंच. रोप मोठ्या कुंडीत हलवताना खालची पानं खुडून खोड शेंड्याच्या चार पानांपर्यंत मातीत पुरा, खोडावर जी बारीक लव दिसते ना, त्या भागातून मुळं फुटतात. पांढऱ्या माशीने पानं चुरमडली तर रोप उपटून टाका, जीव लावून काही होत नाही. आणि फळाचं बूड काळं पडलं की सगळे अंड्याची टरफलं टाकत सुटतात, अहो बहुतेक वेळा पाणी एक दिवस बदाबदा आणि तीन दिवस कोरडं म्हणून होतं ते, कॅल्शियम मातीत असूनही फळापर्यंत पोचत नाही.

आता बी कुठून आणायचं? तिकडचंच गावठी घ्या की! राहीबाई पोपेरेंना २०२० ची पद्मश्री देशी बियाणं जपण्यासाठीच मिळाली, आणि आपण अमेरिकेतून मागवतोय. फक्त पाकिटावर एफ-वन (म्हणजे संकरित) लिहिलेलं नको, त्याचं बी धरून लावलं तर पुढच्या वर्षी काय उगवेल सांगता येत नाही. गावठीचं मात्र तसंच येतं, म्हणून एकदाच आणायचं. पूर्ण पिकलेला टोमॅटो कापून बियांचा बुळबुळीत गर वाटीत काढा, थोडं पाणी घाला, दोन दिवस ठेवा, वास मारेल, वर पांढरी साय धरेल, मारू दे, त्या बुळबुळीतच बी उगवू न देणारं द्रव्य असतं. मग चहाच्या गाळणीत धुवून सावलीत स्टीलच्या ताटलीत वाळवा. टिश्यू पेपरवर नको, अशा चिकटतात की कागदासकटच पेराव्या लागतात.