दुधाच्या हिशोबाशेजारी ब्रेसचा हिशोब

परवा एका लग्नात चुलतसासूबाईंनी माझ्या लेकीच्या, मनूच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला विचारलं, "काय गं, झाली का सरळ?" मी म्हटलं, नाही हो, २८ डिग्री होती, आता ३० आहे. त्यांचा चेहरा असा पडला की बस, आणि मी मात्र पेढे वाटायच्या मूडमधे! पंगतीत बसून त्यांना समजावता नाही आलं, म्हणून इथे लिहितेय.

मनूला स्कोलिओसिस आहे. म्हणजे पाठीचा कणा बाजूला वाकतो आणि त्याला पीळही बसतो. आम्हाला कळलं ते नरकचतुर्दशीला. पहाटे सासूबाई तिला उटणं लावत होत्या, एकदम थांबल्या आणि मला हाक मारली, "अगं इकडे ये, हिचा उजवा खवाटा वर आलाय बघ." पोरगी तेव्हा साडेअकरा वर्षांची. आता बघा, या वयात पोरी स्वतःच्या स्वतः आंघोळ करतात, कपडे बदलताना दार लावतात, आईला लेकीची उघडी पाठ दिसते कधी? आणि कणा नेमका याच वयात, उंची झपाझप वाढताना वाकतो. अभ्यंगस्नान नसतं तर अजून वर्षभर कळलं नसतं. घरी बघायचं असेल तर सोपं आहे, मुलीला गुडघे न वाकवता पुढे वाकायला लावा आणि मागून बघा, बरगड्यांचा एका बाजूला उंचवटा दिसतो का. डॉक्टरही हेच करतात, अॅडम्स नावाच्या इंग्रज सर्जनच्या नावाने ही टेस्ट १८६५ पासून चालत आलीय.

मग घरात कोर्ट भरलं. दप्तराचं ओझं, मोबाईल, वाकडं बसणं, आणि अर्थात "आईचं लक्ष नाही". दोघांनी मालिशवाल्याचे नंबर पाठवले, एकाने झोक्याला उलटं लटकवायचा व्हिडिओ! पुण्याच्या स्पाइनच्या डॉक्टरांनी हे सगळं एका वाक्यात निकालात काढलं, दप्तराने कणा असा वाकत नाही, आणि या वयातल्या बहुतेक केसेसमधे कारण सापडतच नाही. शंभरात दोन-तीन मुलांना थोडाफार असतो, पण मोठे कर्व्ह मुलींमधेच जास्त. मी रडले खरं तर तिथे, कारण तोपर्यंत स्वतःलाच दोष देत होते.

एक्स-रेवर कोन मोजतात त्याला कॉब अँगल म्हणतात. दहाच्या आत असेल तर स्कोलिओसिस म्हणतच नाहीत, २५ पर्यंत बहुतेक वेळा नुसतं लक्ष ठेवतात, २५ ते ४० आणि उंची वाढायची बाकी असेल तर ब्रेस, आणि ४५-५० च्या पुढे गेला की ऑपरेशनची भाषा सुरू होते. मनूचा २८, पाळी आलेली नाही, कमरेच्या हाडावरून वाढ किती बाकी ते बघतात (रिसर म्हणतात त्याला) ते शून्य. म्हणजे वाढ सगळी पुढे पडलेली. ब्रेस लागणारच होता.

ब्रेस म्हणजे कडक प्लॅस्टिकचं जॅकेट, काखेपासून कमरेखालपर्यंत, मागून पट्ट्या आवळायच्या. अंगाचं माप घेऊन बनवतात, फुगलेल्या बाजूला आतून पॅड दाबतं आणि विरुद्ध बाजूला मुद्दाम पोकळी ठेवतात, कणा तिकडे सरकावा म्हणून. डॉक्टर म्हणाले रोज १८ तास. आणि आम्ही राहतो जळगावला! मे महिन्यात इथे पारा ४४ ला जातो, कूलरसमोर बसून माणूस वितळतो, तिथे ही पोरगी प्लॅस्टिकमधे. पहिल्या उन्हाळ्यात घामोळ्यांनी लाल झाली होती. शाळेत तर वेगळीच तऱ्हा, बाथरूममधे जाऊन काढायची आणि सुटायच्या आधी घालायची, हे मला चार महिन्यांनी कळलं.

मी ओरडले, ती दोन दिवस बोलली नाही. मग फिजिओ ताईंनी तिला (मला नाही, तिला) बसवून एक अभ्यास सांगितला. अमेरिका-कॅनडातल्या २५ ठिकाणी २४२ मुलांवर केलेला, २०१३ मधे छापून आला. ब्रेसमधे सेन्सर बसवले होते, कोण किती तास घालतं ते पकडायला. ब्रेस दिलेल्यांपैकी ७२ टक्के मुलं वाढ संपेपर्यंत ५० डिग्रीच्या आत राहिली, नुसतं लक्ष ठेवलेल्यांपैकी ४८ टक्के. आणि रोज सरासरी तेरा तासांच्या आसपास किंवा जास्त घालणाऱ्यांमधे ९० टक्क्यांच्या वर. मनूचा प्रश्न भारी होता, "म्हणजे निम्मी पोरं ब्रेसशिवायच वाचली ना?" हो, वाचली. पण आपण त्या निम्म्यात आहोत का हे आधी कळायचा उपाय नाही. यावर ती खूप वेळ गप्प बसली, आणि दुसऱ्या दिवसापासून कॅलेंडरवर जिथे मी दुधाचे लिटर लिहिते त्याच चौकोनात ती तास लिहायला लागली. खरे तास हं. नऊ असेल तर नऊ. एकदा दूधवाल्याचा हिशोब करताना मी तिचे १७ धरले आणि महिन्याचं बिल बघून घाबरले.

व्यायाम पण होता, श्रोथ पद्धतीचा. काटारिना श्रोथ नावाच्या जर्मन बाईला स्वतःला हा त्रास होता, तिने शंभर वर्षांपूर्वी मायसेन गावात हे सुरू केलं. आत दबलेल्या बाजूत श्वास भरायचा, फुगा फुगवल्यासारखा. मनू पाठीखाली तांदळाच्या पिशव्या ठेवून करायची. माझं प्रामाणिक मत, याने तिची ताठ बसायची सवय आणि हिंमत वाढली, पण नुसत्या व्यायामावर मी थांबले नसते, ब्रेसइतका भक्कम पुरावा त्याला नाही.

सहा महिन्यांनी एक्स-रे, ३१. माझ्या पोटात गोळाच आला. डॉक्टर म्हणाले मोजण्यातच पाच डिग्रीचा फरक पडू शकतो, हे थांबलंय असंच धरायचं. आता तीन वर्षं होत आली, मधे उंची वाढली म्हणून दुसरा ब्रेस, पाळी येऊन दोन वर्षं झाली, रिसर ४ (म्हणजे वाढ जवळजवळ संपली), आणि आकडा ३०. तर चुलतसासूबाई, ब्रेस कणा सरळ करायला नव्हताच, आहे तिथे थांबवायला होता. आता फक्त रात्री घालते, तोही हळूहळू सुटेल.

आणि हो, ज्या ताईंनी फोन करून घामोळ्यांचं विचारलं होतं त्यांच्यासाठी: सुती बनियन, अंगाला घट्ट, लांब, आणि उलटा घालायचा म्हणजे शिवण बाहेर राहते आणि टोचत नाही. दिवसातून दोनदा बदला. ब्रेसखाली क्रीम-पावडर काही नको. बनियन आम्ही मुलांच्या सेक्शनमधून घ्यायचो, मुलींचे मिळतात ते आखूड असतात, कमरेला गोळा होतात.