किती टक्के?

अर्थसंकल्प मांडून तास होत नाही तोच फोन येतो : "स्त्रियांसाठी किती टक्के आहेत? आणि हवामानबदल रोखण्यासाठी?" अर्थसंकल्पातला पैसा कुणापर्यंत पोचतो हे तपासायच्या कामात मी असते, म्हणून लोक विश्वासाने विचारतात, आणि मी आकडा सांगायचं टाळलं की नाराज होतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून टाळण्याचं कारण सांगते.

तो आकडा कसा तयार होतो ते आधी बघा. भारतात २००५-०६ पासून अर्थसंकल्पासोबत जेंडर बजेटचं, म्हणजे स्त्रियांसाठीच्या तरतुदींचं, विवरणपत्र येतं. ज्यांचा सगळा पैसा स्त्रियांसाठी, त्या योजना पहिल्या भागात. निदान ३० टक्के पैसा स्त्रियांसाठी असलेल्या दुसऱ्या भागात. ग्रामीण घरकुलांची रक्कम पहिल्या भागात पूर्णच्या पूर्ण धरली गेली आहे. त्या घरात अख्खं कुटुंब राहतं. घर बाईच्या नावावर झालं का, पाणी दाराशी आलं का, हे त्या रकमेवरून कळत नाही. टक्का मात्र फुगतो.

मला पटलेलं उदाहरण बर्फाचं आहे. स्वीडनमधल्या कार्ल्सकोगा या छोट्या शहरात बर्फ हटवायचा क्रम वर्षानुवर्षं ठरलेला होता : आधी मोठे रस्ते, शेवटी पदपथ आणि सायकलमार्ग. यात स्त्री-पुरुष असा प्रश्न येतो कुठे, असंच कुणालाही वाटेल. पण गाडीने जाणाऱ्यांत पुरुष जास्त होते, आणि मुलांना सोडायला, बस पकडायला पायी निघणाऱ्यांत बायका. घसरून हात-पाय मोडायचे ते पायी चालणाऱ्यांचे. क्रम उलटा केला, खर्च वाढला नाही. 'स्त्रियांसाठी तरतूद' अशी ओळ तिथे शोधूनही सापडली नसती! माझ्या लेखी मूल्यमापन ते हे. पैसा कुणाच्या पायाखाली जातो, हे बघणं.

हवामानाचंही तसंच. सौरऊर्जेला किती दिले ते मोठ्याने सांगितलं जातं. इंधनावरची करसवलत दुसऱ्याच पुस्तकात, बारीक अक्षरांत असते. म्हणून फ्रान्सची पद्धत मला प्रामाणिक वाटते. २०२१ च्या अर्थसंकल्पापासून तिथे खर्चांना आणि करसवलतींना सहा पर्यावरणीय कसोट्यांवर गुण दिले जातात, आणि घातक खर्चाला उणे एक. सरकारने स्वतःच्या कागदावर स्वतःच्या खर्चाला उणे लिहावं, ही लहान गोष्ट नाही.

पण त्याच फ्रान्समध्ये २०१८ साली इंधनकर वाढत गेला आणि पिवळी जाकिटं घातलेली माणसं निषेधाला रस्त्यावर आली. हवामानाच्या कसोटीवर तो कर उत्तीर्ण होता. गावाबाहेर राहणाऱ्या, बस नसलेल्या, कामावर जायला रोज गाडी काढावीच लागणाऱ्या माणसाला विचारलं असतं, तर दुसरी कसोटीही लागली असती. उलट बाजूही तितकीच खरी : स्वस्त इंधन गरिबांच्या नावाने दिलं जातं, पण जो जास्त जाळतो त्याच्या पदरात जास्त पडतं. हवामानाची आणि माणसांची, या दोन तपासण्या दोन वेगळ्या टेबलांवर झाल्या की दोन्हींचं उत्तर चुकतं, हे मी पुनःपुन्हा पाहिलंय.

आणि तपासणी व्हायला हवी ती तरतुदी ठरण्याआधी. एकदा एका खात्याचा तक्ता माझ्यासमोर आला, छापायला दोन दिवस उरलेले. बसखरेदीची ओळ होती. विजेवरच्या बसेस, म्हणजे हवामानाच्या रकान्यात बरोबरची खूण. 'लाभार्थी' या रकान्यात 'सर्व नागरिक'. मी पेन्सिलीने शेजारी लिहिलं : दुपारी किती फेऱ्या? रात्रपाळी सुटते तेव्हा बस आहे का? चाकाची खुर्ची चढते का? तिकीट कुणाला परवडतं? तक्ता परत आला तेव्हा माझी अक्षरं खोडरबराने पुसलेली होती आणि 'सर्व नागरिक' तसंच होतं. पुढच्या वर्षी मी तेच प्रश्न सहा महिने आधी पाठवले. दुपारच्या फेऱ्यांचं उत्तर आलं. बाकीच्या तीन प्रश्नांचं अजून यायचंय.