युकुलेलेची चौथी तार

गिटारची सवय असल्यामुळे युकुलेले या गिटारसारख्या, चार तारांच्या छोट्या वाद्यातही छातीकडची चौथी तार सर्वांत खर्जातली असणार, असे मी गृहीत धरले होते. परंतु जी, सी, ई, ए (पाश्चात्त्य स्वरांची नावे) या प्रचलित जुळणीत ही जी तार सुमारे ३९२ हर्ट्झची, आणि सर्वांत खालचा स्वर तिच्या शेजारच्या सी तारेचा, सुमारे २६२ हर्ट्झचा, असतो. युकुलेलेचा खळाळता नाद बराचसा या उलट्या क्रमामुळेच येतो. काही वादक जी एक सप्तक खाली, १९६ हर्ट्झवर लावतात. त्याने सुरावटीला खोली येते, पण माझ्या मते वाद्याचा खोडकरपणा हरवतो.

इलेक्ट्रिक युकुलेले घेताना आधी तारा पाहाव्यात. नायलॉनची तार चुंबकीय पिकअपला, म्हणजे धातूच्या तारेचे कंपन चुंबकाने टिपून विजेच्या संकेतात बदलणाऱ्या साधनाला, ऐकूच येत नाही. तिला घोडीखालचा, कंपनाचा दाब टिपणारा पिएझो पिकअप लागतो.

प्रवासी बासचे, म्हणजे सहज सोबत नेता येईल अशा आखूड बास (खर्जाच्या) गिटारचे, नवल मात्र माझ्या मनातून ओसरत नाही. सुमारे २० इंचांच्या तारेतून ४१ हर्ट्झचा ई निघतो, आणि जुळणीही मोठ्या बास गिटारचीच, म्हणजे ई, ए, डी, जी. इतक्या आखूड तारेवर एवढा खर्ज हवा असेल, तर तार सैल सोडावी लागते किंवा जाड घ्यावी लागते, म्हणून अशा अनेक वाद्यांना रबरासारख्या जाड, लवचिक तारा लावतात. बोटे त्यांना चिकटतात, हे खरे.