कणकेचा गोळा

पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे डाव्या तोंडाच्या कातड्याला, ओली कणीक लावतात. उजवीकडची शाई कायमची असते, डावीकडची कणीक रोज नवी. वाजवून झालं की खरवडून काढायची. तीच कमी-जास्त करून घुमारा जुळवतात. लग्नानंतर 30 वर्षं आमच्या घरी पोळ्यांच्या आधी तो एक गोळा वेगळा निघायचा. ह्यांना तो मऊ लागायचा, पण बोटाला चिकटलेला चालायचा नाही.

हे गेले, त्यानंतरच्या आषाढात मी एकटी धापेवाड्याच्या पायी दिंडीत निघाले. पंढरपूरची एकादशी आटोपली की पांडुरंग संत कोलबास्वामींसाठी धापेवाड्याला येतो, ही आमच्या विदर्भाची श्रद्धा. पहाटे नागपूरच्या काटोल नाक्यावरून निघायचं, गोरेवाडा, फेटरी करत रात्री कळमेश्वरात मुक्काम, दुसऱ्या दिवशी चंद्रभागा. आमच्या धापेवाड्याच्या नदीचंही नाव तेच.

त्या वर्षी पखवाज वाजवायला वाडीहून एक जण आले होते. ह्यांच्या जागी दुसऱ्याचे हात बघवेनात, म्हणून मी मागच्या रांगेत गेले. फेटरीच्या पुढे पावसाने गाठलं. झाडाखाली थांबून ते हातोडीने पुडीच्या कडेचा गजरा ठोकत होते, आवाज काही केल्या बसेना. माझं लक्ष डाव्या पुडीकडे गेलं आणि तोंडून निघून गेलं, "कणकेत पाणी कमी पडलं जी."

त्यांनी वर पाहिलं. "घरी बायको मळून द्यायची. दोन वर्सं झाली तिले जाऊन. मले जमत नाही."

कळमेश्वरला मी एक गोळा मळून ओल्या फडक्यात गुंडाळला आणि त्यांच्या पिशवीपाशी ठेवून आले.

संध्याकाळी हरिपाठाला उभी होते. पहिली थाप पडली आणि तो घुमारा थेट छातीत उतरला. ह्यांचाच. माझा टाळ चुकला, मग हातच थांबले. लोकांसमोर मी त्याआधी कधी रडले नव्हते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. फक्त लय उतरवली, इतकी सावकाश की सगळ्यांच्या पावल्या संथ झाल्या. माझा टाळ पुन्हा ठेक्यात आला तेव्हाच ती हळूहळू चढली. असं सांत्वन मला त्या वर्षभरात कुणी केलं नव्हतं, आणि घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तर काय काय सांगितलं होतं.

पुढच्या आषाढात त्यांनी स्वतःच पिठाचा छोटा डबा माझ्यापुढे ठेवला. मग चालताना बोलणं सुरू झालं. बोलायचो ते आपापल्या माणसाबद्दलच. त्यांची बायको गवळण फार गोड म्हणायची, वरचा स्वर लागला की डोळे मिटायची. हे वाजवताना ओठ दुमडायचे. त्या दोघांना आमच्या मधून चालवतच आम्ही धापेवाड्याला पोचलो. मधल्या वर्षात दोनदा फोन झाला, दोन्ही वेळा दिंडीच्या निमित्ताने. दुसरा पाऊण तास चालला.

दिंडीत सगळे त्यांना भाऊ म्हणतात. मी माऊली म्हणते. वारीत सगळेच माऊली, त्यामुळे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

यंदा दर्शन झालं, कीर्तन झालं. मंडळी महाप्रसादाच्या पंगतीला गेली. ते पायरीवर बसून पुडीवरची कणीक खरवडत होते. ती ते गाईला घालतात. मी टाळ पिशवीत भरत होते.

"तुम्ही मले भाऊ म्हनत नाही," ते मान खाली घालूनच म्हणाले.

"नाही."

बराच वेळ नखाने पुडीची कड साफ करत राहिले. पावसाची भुरभुर सुरू झाली तसं त्यांनी पखवाजावर घोंगडी टाकली, आणि तिचं दुसरं टोक माझ्याकडे सरकवलं.

"गुरुवारी घरी भजन असते. येसान?"

"येईन," मी म्हटलं. "पीठ मात्र माझ्या घरचं आणीन."