मुंग्या किती नग?

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी अभयारण्यातल्या मुंग्या बघायच्या होत्या. सागाचं जंगल, गवताचा माळ, ओढ्याकाठ, कुठं कोणती जात राहते अन् खाण्यावरून कोण कोणाला हाकलतं, एवढंच. वन्यजीव कायदा 1972, कलम 28, अभयारण्यात अभ्यास करायचा तर परवानगी लागते. ठीक ए.

अर्जात रकाना, 'गोळा करावयाच्या प्राण्यांची संख्या'. मी लिहिलं, सांगता येत नाही. बाबू म्हणले, "मॅडम, नग लिहा." अहो, मुंग्या पकडायला जमिनीत काठापर्यंत पुरलेला ग्लास वारुळाजवळ आला तर एका रात्रीत शेकड्यानं आत पडतात, नाहीतर दोन. म्हणून आम्ही मुंग्या मोजतच नाही, ती जात किती ग्लासांत सापडली ते मोजतो. त्यांनी सगळं ऐकलं, मान डोलावली अन् अर्ज परत दिला. दुसऱ्या खेपेला 5000 टाकलं तर "एवढे प्राणी?" तिसऱ्या खेपेला साहेब दौऱ्यावर. चौथ्याला कळलं की कॉलेजच्या पत्रावर जावक नंबरच नाही, हे पहिल्या दिवशी सांगायला काय झालतं? (तुम्ही आधी जावक नंबर बघा, लई महत्त्वाचं.) टेबलावर चहाच्या डागाला बारक्या मुंग्यांची रांग लागली होती, बाबूंनी कागदानं झटकून टाकली. त्यांचे नग कोण मोजतंय.

शेवटी 'प्रत्येक जातीचे जास्तीत जास्त 20 नमुने ठेवणार' असं लिहिलं तेव्हा जमलं. मार्चचा अर्ज, कागद जुलैत हातात. पहिल्याच रात्री पाऊस, सगळे ग्लास भरून वाहिले. मग काड्या रोवून वर पत्रावळ्या पालथ्या घातल्या. अन् हो, बाटलीतल्या चिठ्ठीवर पेन्सिलनंच लिहा, पेनची शाई अल्कोहोलमधे विरघळते, माझ्या सहा बाटल्या बेवारस झाल्या.

गुळानं मात्र सगळा राग घालवला. माळावर कागदावर गुळाचा खडा अन् सुकटीचा चुरा ठेवला, चार मिनिटांत पॅराट्रेकिना हजर, त्या लांब पायाच्या, येड्यासारख्या पळणाऱ्या. अर्ध्या तासात फिडोल आल्या, मोठ्या डोक्याच्या शिपायांसकट, अन् कागद त्यांचा झाला. पहिल्या आलेल्या कडेकडेनं घिरट्या घालत राहिल्या. डोंगळे आले ते अंधार पडल्यावर.

अहवाल द्यायला गेले तर बाबूंनी तोच रकाना काढला अन् विचारलं, "परत किती सोडल्या?"