तुम्ही विचारलंत म्हणून : कॉइलवरून गॅसवर येताना

"संध्याकाळी व्होल्टेज पडलं की विजेच्या शेगडीची कॉइल लालच होत नाही. आता गॅस घ्यायचा म्हणतोय, काय-काय बदलावं लागेल?" लातूर-परभणीकडून हा प्रश्न नेहमी येतो. शेगडी तासाभरात मिळते. खरी बदलायची असते ती जागा.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर वर जात नाही, जमिनीलगत पसरतो. आपल्याकडं खाली बसून भाकरी करायची सवय, कॉइल जमिनीवर चालूनही जायची. गॅसची शेगडी खाली मांडली तर गळलेला गॅस आणि जाळ एकाच पातळीवर येतात. म्हणून ओटा हवाच. 14.2 किलोची टाकी दोन फुटांहून थोडी उंच असते, म्हणजे ओटा अडीच-पावणेतीन फूट धरा. टाकी नेहमी उभी. माळवदाच्या घरात अंधाऱ्या कोनाड्यात ती सरकवून देतात, ते अजिबात करू नका. ओट्याखाली दारं असतील तर काढा, आणि भिंतीत जमिनीलगत हवा बाहेर जाईल असा झरोका ठेवा. कॉइलचं सॉकेट शेगडीच्या मागंच असेल तर वायरमनकडून लांब हलवून घ्या.

नळी आयएसआय खुणेची, आत पोलादी तार असलेली घ्या. घरात ज्वारीची पोती म्हणजे उंदीर आलेच, साधी रबरी नळी ते कुरतडतात. लांबी दीड मीटरच्या आत, शेगडीच्या मागून नेऊ नये, कापड गुंडाळू नये, पाच वर्षांनी बदलावी.

टाकी आली की आधी वजन. कड्याच्या पट्टीवर रिकाम्या टाकीचं वजन असतं, 15.8 असेल तर भरलेली 30 किलो भरली पाहिजे. दोरा ओढून टोपी काढा आणि व्हॉल्व्हच्या तोंडात डोकावा. आत काळी रबरी रिंग दिसते. ती नसेल किंवा चिरलेली असेल तर रेग्युलेटर कितीही घट्ट बसवा, गॅस गळणारच. टाकी परत द्या. रिंग ठीक असेल तर रेग्युलेटरचा नॉब बंद ठेवून खालचं कडं वर उचला, व्हॉल्व्हवर दाबा, कडं सोडा. 'कट' असा आवाज आला की बसलं. मग नॉब उघडून सगळ्या जोडांवर साबणाचा फेस लावा. बुडबुडे फुगले तर गळती आहे. काडी ओढून कधीही तपासू नका.

ज्योत निळी हवी. भाकरी जाळावर शेकताना तिचं कोरडं पीठ झडून बर्नरच्या भोकांत बसतं, त्यावर उतू गेलेलं वरण करपतं. भोकं बुजली की ज्योत पिवळी होते, भांड्याला काजळी धरते आणि लोक गॅसला नावं ठेवतात. आठवड्यातून एकदा थंड बर्नर उचलून उलटा आपटा, ब्रशनं घासा, पूर्ण वाळवून बसवा.

कॉइल बंद केल्यावरही तापलेली राहते, त्या धगीवर वरण मुरायचं. गॅसवर तसं होत नाही, मिनिटभर बारीक आच जास्त द्या. ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर आली तर तेवढा गॅस वायाच.

उन्हाळ्यात सगळ्यात जास्त जपायचं ते कूलरला. त्याचा झोत ओट्याकडं असेल तर बारीक केलेली ज्योत विझते, नॉब मात्र उघडाच राहतो. स्वयंपाक होईपर्यंत कूलरचं तोंड फिरवा.

परवडेल का, हेही विचारता. एका टाकीएवढा स्वयंपाक इंडक्शनवर केला तर साधारण 140 ते 150 युनिट लागतात, साध्या कॉइलवर त्याहून जास्त. तुमच्या बिलातला युनिटचा दर लावून पाहा. आणि जुनी शेगडी चांगली असली तर ती ठेवा, टाकी संपल्यावर कामाला येते.

वास आला तर विजेचं कुठलंच बटण दाबू नका, चालू नाही आणि बंदही नाही. जाळ विझवा, रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा. तरीही व्हॉल्व्हमधून गॅस येत असेल तर रेग्युलेटर काढून टोपी दाबून बसवा, बाहेर पडा आणि लांब जाऊन गॅसगळतीच्या मदत क्रमांकावर, 1906 ला, फोन करा. ती टोपी फेकायची नसते ती याचसाठी. दोऱ्यानं टाकीच्या कड्यालाच बांधून ठेवा.